रेमीचं उघडं दार

रेमी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "काकू, रेमी सिस्टर गेल्या ओ..." तीन दिवसांपूर्वी ड्यूटीवर असतानाच डोक्यातली शीर फुटून रेमी कोसळली होती आणि नंतर शुद्धीवर आलीच नव्हती. फोन येणार हे ठाऊक होतं. तरी फोन ठेवून मी उरलेली मेथी निवडली, देठं वेगळी केली, पाला धुऊन चाळणीत ठेवला. अशा वेळी माणूस काय करेल याचा नेम नाही. आता सव्वा महिना झाला. तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसले आहे खरी, पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय मला तो हक्क नाही. ती सगळ्यात शेवटी सांगते, कारण आधी सांगायचा धीर होत नाही.

रेमी मिझोरामची, आयझॉलच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका गावची. नर्सिंग शिकून सोलापुरात नोकरीला आली आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत, माझ्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं राहिली. सुरुवातीला तिच्याकडच्याच आणखी दोघी सोबत होत्या. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो विचारायचा, "नेपाळची का?" ही हसून सांगायची, "न्हाय ओ, हितलीच हाय, इंडियाची." मराठी ती पेशंटांकडून शिकली, आणि पेशंट सगळे अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, मला राहवायचं नाही. "अगं, आहे म्हणावं, हाय नव्हे," म्हटलं की ती म्हणायची, "मग पेशंटला कळत न्हाय की, काकू." माझ्या भांड्यांवर नावं घातलेली बघून तिला भारी मौज वाटली. एकदा मंगळवार बाजारातून तिनं वीस कप चहा मावेल असं स्टीलचं पातेलं आणलं आणि त्यावर 'रेमी' असं मराठीत नाव घालून घेतलं. एकट्या बाईला एवढं धूड कशाला, असं मी विचारलं. "लोक येतील की," ती म्हणाली. चादरींचंही तेच. गावी न्यायच्या म्हणून सोलापुरी चादरी घ्यायची, आणि जाताना त्या कपाटातच ठेवून जायची. इथं कोणी आलं तर अंथरायला नकोत का...

ते पातेलं कशासाठी होतं हे मला कळलं ते आमचे 'हे' गेले तेव्हा. स्मशानातून माणसं परतली, आंघोळी झाल्या, शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणं जो तो न सांगता निघून गेला. संध्याकाळी रेमी आणि त्या दोघी पातेलं आणि चादरी घेऊन खाली आल्या. दार सताड उघडं ठेवलं, हॉलभर चादरी अंथरल्या, चहा चढवला आणि भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळानं हलक्या आवाजात गायला लागल्या. संथ, एकात एक मिसळलेले सूर. शब्द एकही कळत नव्हता. समोरच्या जाधववहिनी दारात येऊन म्हणाल्या, "मयताच्या घरात गाणी कसली म्हणतेत ओ?" दुधनीचे माझे दीर तर तडकलेच, "हे काय चाललंय की हितं?" मलाही शरम वाटली. पण उठा म्हणायला तोंड उघडेना. सात दिवस त्या रोज संध्याकाळी आल्या. चौथ्या दिवशी जाधववहिनीही येऊन चादरीवर बसल्या आणि चहा ओतायला लागल्या. त्याच दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. तोवर मी नुसती हिशेबी बाईसारखी इकडंतिकडं करत होते.

रेमीनं नंतर मला सांगितलं. त्यांच्याकडं माणूस गेलं की वस्तीतली पोरं कुणी न सांगता कुदळी घेऊन खड्डा खणायला जातात, मजुरी घेत नाहीत. आणि ज्या घरातलं माणूस गेलं ते घर एकटं सोडत नाहीत. दार उघडं ठेवायचं, चहा चढवायचा. शेजारी येऊन बसतात, गातात, बरेच दिवस येत राहतात. स्वतःची सोय न बघता दुसऱ्यासाठी धावून जाण्याला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, तो माझ्या जिभेला कधी जमला नाही. "दार उघडं ठेवलं आणि कुणीच आलं नाही, तर?" मी विचारलं होतं. तिला प्रश्नच समजला नाही. "असं कसं होईल, काकू?" पुढं त्या दोघी दुसऱ्या गावी नोकरीला गेल्या आणि ही एकटी उरली. एकदा दुपारी माझ्याकडं शेंगा फोडत बसली असताना एकदम म्हणाली, "मी हितं मेले, तर तुमी बसा की." मी म्हटलं, "अभद्र बोलू नकोस." ती मान वर करून माझ्याकडं बघतच राहिली. शेवटी मी म्हणाले, "बसेन गं. बसेन."

तिचा थोरला भाऊ मुआना दोन विमानं बदलून आणि पुढं गाडीनं दुपारी पोचला. विमानानं न्यायचं तर कागदपत्रांना वेळ लागतो, त्यामुळं रेमी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होती. मी त्याला वर फ्लॅटमध्ये नेलं, जेवणाचा डबा दिला. थोडं बरं वाटेल, पडा जरा, असं माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं आणि निघताना दार ओढून घेतलं. इथवर काही चुकलं नव्हतं. पाच वाजता चहाचा थर्मास घेऊन पुन्हा वर गेले तर दार सताड उघडं. हॉलभर चादरी अंथरलेल्या, एकही सुरकुती नाही. भिंतीशी ओळीनं ग्लास, वाट्या, दात घासायचा मगसुद्धा, कारण तिच्याकडं एवढे कप नव्हते. आणि मुआना स्वयंपाकघरात माझ्याकडं पाठ करून त्या पातेल्यातला चहा ढवळत उभा.

मला कळलं नाही असं मी म्हणू शकते. कुणीही विश्वास ठेवील. पण मला सगळं कळलं, एका नजरेत. मी घाबरले. त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या चादरींवर मी एकटी बसणार, त्याच्याशी काय बोलणार, तो गायला लागला तर कुठं बघणार... थर्मास तसाच हातात ठेवून मी आवाज न करता दार पुन्हा ओढून घेतलं. जिन्यात जाधववहिनी वर येताना भेटल्या, हातात बिस्किटांचे पुडे. "जरा बसावं म्हनते त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "झोपलाय तो. नका जाऊ." त्या माझ्याबरोबर खाली उतरल्या.

सकाळी शववाहिका आली तेव्हा मी वर गेले. दार उघडं होतं. चादरी तशाच, ग्लास तसेच, कोरडे. पातेलं काठोकाठ भरलेलं, वर जाड साय धरलेली. मुआना कालच्याच कपड्यांत भिंतीशी बसला होता. मला बघून चटकन उठला, जणू पाहुणं आलं. खाली उतरताना त्यानं अदबीनं विचारलं, "आंटी, यहाँ हवा बहुत चलती है क्या? दरवाज़ा बार-बार बंद हो जाता था।"

मी म्हटलं, "हाँ बेटा. बहुत."

पातेलं त्यानं मला दिलं. न्यायला जागा नव्हती, आणि रेमी फोनवर माझ्याबद्दल खूप सांगायची म्हणे. ते आता माझ्या ओट्यावर आहे. रोज संध्याकाळी पाचला मी दार उघडं ठेवते आणि त्यात चहा चढवते, दोनच कप, तळाशी जेमतेम दिसतो. जाधववहिनी कधी येतात, कधी नाही. त्यांनाही मी अजून सांगितलेलं नाही, इथं वाचतील. मुआनाला मराठी येत नाही, पण हे कुणाकडून तरी हिंदीत लिहवून घेऊन त्याला पाठवणार आहे. मे महिना होता. त्या दिवशी सोलापुरात झाडाचं पान हलत नव्हतं. दार मी लावलं होतं.