खिशात तीनच शिट्ट्या

आमच्या घरात बंदूक नव्हती, पण शिकारीचं सोंग दर रविवारी पहाटे निघायचं. बंदी आली तेव्हाच सासऱ्यांनी बंदूक विकून टाकली होती. मागे राहिला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा, पाखरांना बोलवायच्या शिट्ट्यांनी भरलेला. तितराच्या, लावरीच्या, मोराच्या. काही बांबूच्या, काही शिंगाच्या. यांना तो वडिलांकडून मिळाला आणि मला यांच्यासोबत मिळाला. शनिवारी दिवेलागणीला हे अंबरपेठच्या आमच्या घरात डबा फरशीवर उपडा करायचे आणि उद्या कुठल्या शिट्ट्या न्यायच्या ते ठरवत बसायचे. लोक मुलीचं लग्न ठरवायलाही इतका वेळ घेत नाहीत.

न्यायच्या तीनच. हा सासऱ्यांचा नियम. जास्त घेतल्या की खिशात खुळखुळतात, शिवाय माणसाला धीर राहत नाही, तो एकामागून एक सगळ्या वाजवतो आणि पाखरू शहाणं होतं. "मारायचं नाही, धरायचं नाही, मग बोलवता कशाला?" असं मी लग्नानंतर कितीतरी वर्षं विचारत होते. "त्यानं उत्तर द्यावं म्हणून," हे म्हणायचे. तितरानं पलीकडून उत्तर दिलं, की त्या दिवशी इराणी हॉटेलातली उस्मानिया बिस्किटं घरी यायची. नाही दिलं, की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड घेऊन स्वारी दुपारपर्यंत पेपरात डोकं खुपसून बसायची. तेव्हा त्या तितरात माझाही थोडा स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू.

मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, त्याच सुमाराला शहराच्या पश्चिमेकडच्या खडकाळ माळावर कॉम्प्युटरवाल्यांच्या इमारती उठायला लागल्या. मुलाचं कौतुक सांगताना माझं तोंड दुखायचं नाही, आणि त्याच्याच धंद्यानं यांचा माळ खाल्ला म्हणून हे कुरकुरायचे. खडकांना सुरुंग लावत होते. आणि एका उन्हाळ्यात तितर बोलेनासं झालं. एक रविवार गेला, दुसरा गेला, मग मोजणंही सोडलं. बिस्किटं नाहीत, पेपरही नाही. हे नुसते बसून राहायचे. एकदा जेवता जेवता म्हणाले, "सगळी गेली असतील गं." घास तसाच हातात. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो, तसा आला.

त्या शनिवारी मी स्वतःच डब्याशी जाऊन बसले. यांनी नेहमीच्याच काढून ठेवल्या होत्या: नराला डिवचणारी बांबूची, मादीची शिंगाची, आणि वेळ पडली तर लावरीची.

"अहो, ज्याच्या घराखाली सुरुंग फुटतायत, त्याला तुमच्याशी भांडायला सवड आहे का?" मी म्हटलं आणि लावरीची उचलून डब्यात टाकली. तळाशी शिंदीच्या पानाची एक बारीक पिपाणी होती, ती तिच्या जागी ठेवली.

"ती नक्को," हे एकदम म्हणाले.

ती तितराच्या पिल्लाची होती. सासऱ्यांनी आयुष्यात पुष्कळ जीव मारले, पण ती कधी रानात नेली नाही. आईला पिल्लाच्या आवाजानं बोलवायचं नाही, हे त्यांच्यात पक्कं होतं. डब्यात ठेवली होती ती मुलांच्या कानाला ओळख व्हावी म्हणून. रानात असा आवाज आला की बंदूक खाली करायची.

"मग बंदूक कुठाय तुमच्याकडे?" मी म्हटलं. "नियम बंदुकीचा आहे. तुम्हाला फक्त बघायचंय, आहेत की नाहीत." सरकारी नोकरीतला माणूस, नियमाची फोड करून दाखवली की गप्प बसतो. पिपाणी मी रुमालात गुंडाळून यांच्या खिशात घातली आणि वर सांगितलं, की उद्या मीही येणार. एरवी रविवारी मी घर सोडत नसे, कारण मुलाचा फोन रविवारी सकाळी यायचा. पण या रविवारी तो प्रवासात असणार होता, फोन करणार नाही असं त्यानंच सांगितलं होतं. मी मोकळी होते.

रविवार असल्यामुळे माळावर खडक फोडायची मशीनं बंद होती. स्कूटर लावून आम्ही एका मोठ्या धोंड्याआड बसलो. यांनी बांबूची वाजवली. काही नाही. बऱ्याच वेळानं मादीची वाजवली. समोरच्या बाभळींत पानही हललं नाही. हे उठायला लागले, तसा मी यांचा हात ओढला. रुमाल सोडून पिपाणी त्यांनी माझ्याच हातावर ठेवली. "मी नाही वाजवणार. तूच वाजव. ओठांत धर, फुंकर घालू नकोस, नुसता श्वास सोड."

मी श्वास सोडला. चीं चीं असा इतका बारीक आवाज आला, की मला वाटलं, जमलंच नाही.

झुडपातून मादी पळत आली. उडत नाही, पळत, मान पुढे काढून, सरळ उघड्यावर. आम्ही तिला दिसलो असणार, पण तिला आमचं काही पडलेलं नव्हतं. माझ्या चपलेपाशी येऊन ती इकडे वळली, तिकडे वळली, धोंड्याखाली वाकून बघितलं. यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "आहेत," हे पुटपुटले, आणि यांचे डोळे पाण्यानं भरले होते. मागून झुडपातून तिची पिल्लं बाहेर आली, मातीच्याच रंगाची, आणि वर कुठूनतरी नर खणखणीत आवाजात ओरडायला लागला. इतके रविवार ज्याची वाट पाहिली, ते उत्तर असं शिव्या दिल्यासारखं आलं. मादी पिल्लांना घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवरून ती पुन्हा आमच्या धोंड्यापाशी आली, पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं, आणि मग गेली.

परत येताना यांच्या तोंडाला खळ नव्हता. स्कूटरवर मागे बसून मी नुसती हौ हौ करत होते. खरंच खूप बरं वाटत होतं, या माणसाला इतकं खुशीत बघून किती दिवस झाले होते. बिस्किटंही घेतली, नेहमीपेक्षा जास्तच.

दाराचं कुलूप काढलं आणि आत फोन वाजायला लागला. माझ्या हातातली पिशवी पडली. चपला पायातच, देवांसमोरून तशीच धावत गेले, गुडघा खुर्चीवर आपटला. "हॅलो, बाळा," म्हटलं. कुणाला तरी बेगम बाजारातलं तांदळाचं दुकान हवं होतं. त्यानं फोन ठेवला, तरी मी आणखी एकदा हॅलो म्हटलं.

हे उंबऱ्यात फुटकी बिस्किटं गोळा करत होते, ते थांबले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी पिपाणी डब्याच्या तळाशी ठेवली, वर बाकीच्या रचल्या.

"तिची पिल्लं होती ना तिच्याजवळ," हे माझी समजूत घालत म्हणाले.

"हौ," मी म्हटलं. "होती. तरी आली."