कॅपिटल अक्षरातला भूप

माझी आत्या मंडईच्या मागे राहते आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून गाणं शिकते. शिकत होती म्हणायला हवं. तिच्या गाण्याच्या बाई मागच्या वर्षी गेल्या.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून नात्यात कुणाचाही प्रिंटर अडला की मला बोलावणं येतं. आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मीच घातलं होतं. फुकट असतं, व्हायरस येत नाही, असं लांबलचक भाषणही ठोकलं होतं. तिने एवढंच विचारलं, की यात गाणं ऐकू येईल ना.

बाईंना रेकॉर्डिंग मुळीच आवडायचं नाही. वर्गात परवानगी होती ती एकट्या आत्याला. फायलींची नावं ती इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि त्यात तिने स्वतःची एक रीत बसवली होती. बाई गायल्या असतील तर पहिलं अक्षर कॅपिटल, ती स्वतः गायली असेल तर स्मॉल. भूप दोन, केदार दोन, बिहाग दोन, नावांत फरक त्या एका अक्षराचाच. बाईंच्या शेजारी मी त्याच उंचीची कशी बसू, असं तिचं म्हणणं.

लिनक्सला हे मान्य होतं. त्याच्या लेखी कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी नावं. विंडोजला तो फरक दिसतो, पण तो मानत नाही. एका फोल्डरमध्ये दोन भूप तो सहसा राहू देत नाही. मॅकचंही बहुतेक वेळा तसंच. हे मला माहीत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. ऑफिसात नव्याने लागलेल्यांना मी हेच शिकवतो, फळ्यावर लिहून, वर दोन विनोद करून.

दिवाळीत आत्याने विंडोजचा लॅपटॉप घेतला आणि मी ऐटीत फायली हलवायला गेलो. माझा पेनड्राइव्हही विंडोजच्याच चालीचा. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने विचारलं, या नावाची फाइल इथे आहे, तिच्या जागी ही ठेवू का? माझ्या हातात चिवड्याची बशी होती. आत्या औषधंसुद्धा दोनदा आणते, तशाच या फायली दोनदा ठेवल्या असतील, असं मी ठरवून टाकलं. सगळ्यांना एकच उत्तर, हो. मग जुन्या डिस्कवरचं सगळं पुसलं, पुन्हा कुणाला काही काढता येऊ नये असं, आणि कॉम्प्युटर भंगारात देऊन आलो. त्या एका कामात मी जराही हयगय केली नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. कॅपिटलचा भूप लावला तर मीच गातेय, म्हणाली.

मी गेलो, सगळ्या फायली उघडल्या. नावं बाईंची, आवाज आत्याचा. बाईंच्या प्रत्येक फाइलवर तिची फाइल बसली, बाईंचं उरलं ते फक्त नाव, हे मी खाली मान घालून सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे इतकी वर्षं शिकून जे जमलं नाही, ते तू एका दुपारी करून दिलंस," ती म्हणाली. "मला बाईंच्या जागी बसवलंस."

भूप चालूच होता. रेकॉर्डिंगमध्ये आत्याचा सूर एका जागी घसरला आणि मागून, तंबोऱ्याच्याही पलीकडून, कुणीतरी म्हणालं, "पुन्हा." आत्याने तेवढंच मागे नेऊन ऐकलं. मग केदार लावला. त्यातही ती चुकली होती, आणि तिथेही बाई होत्या.

"बरं झालं, मी फार चांगली गात नव्हते," ती म्हणाली. मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"आता आधी ती नावं बदल. बाईंच्या नावाखाली माझं गाणं नको."

विंडोजला याने काही फरक पडत नाही, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. एकेका फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर खोडून स्मॉल करत बसलो. आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मी घाईत एखादं नाव सोडलं की स्क्रीनवर त्यावर बोट ठेवत होती.