देवदाराची कुंडी

आज गच्चीवरच्या देवदाराची कुंडी उपडी केली. माती ओली होती. रोप मात्र शेंड्यापासून वाळून गेलेलं.

मनालीहून परतताना शैलाने, माझ्या बायकोने, ते आणलं होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची ती. मोठ्या देवदाराखालची पिशवीभर मातीही तिने बरोबर घेतली. मुळांवरचे पांढरे तंतू बघून मी म्हणालो, "अगं, बुरशी लागलीय याला."

"असू दे. मातीतलं पाणी, क्षार हीच मुळांना आणून देते," ती म्हणाली. "पण बर्फाखाली राहणारी आहे ही. पुण्याच्या उन्हात टिकेल की नाही, कोण जाणे."

तिने टिकवली. उन्हाळाभर कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळायची. मागच्या पावसाळ्यात शैला गेली. यंदा गोणपाट मीच गुंडाळलं, पण मे महिना मातीत आतपर्यंत उतरला.

आज मुळं चाचपली. एकही पांढरा तंतू नव्हता. इथल्या मातीतही बुरशी असतेच म्हणे, पण ती देवदाराला ओळखत नसावी. हवा बदलली, की जमिनीखालचं आधी मुकाट्याने जातं. झाड पुढे कितीतरी दिवस हिरवं दिसतं आणि लोक म्हणतात, बरं चाललंय.

लेक डबा घेऊन वर आली. "बाबा, कालचा डबा तसाच पडलाय. सगळं समोर असून जेवत का नाही तुम्ही?"

मी कुंडीतली माती तिच्यापुढे धरली. म्हटलं, "हात लावून बघ. ओली आहे."