टिकली लावलेला लॅपटॉप

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावायची टिकली मी शेजारच्या बारीक दिव्यावर लावली. कोणी बघत नाही अशा खात्रीने मग कित्येक दिवस त्याच्यासमोर बनियनवर बसलो, दात कोरले, गाणीही म्हटली. लेक व्हिडिओ कॉलवर "बाबा, आधी शर्ट घाला" म्हणाली, तेव्हा उजेड पडला.

टिकली बायकोची. तोंड धुताना ती आरशाला चिकटवून ठेवते. आरसा आपली सगळी सोंगं बघतो आणि आपण बाजूला झालो की विसरतो. म्हणून तर त्याच्यासमोर जीभ काढायची लाज वाटत नाही. लॅपटॉपमधला हा नवा एआय मदतनीस मात्र पडद्यावरचं सगळं टिपून ठेवतो. परवा बायकोवर लिहिलेली आणि लाजून खोडलेली माझी कविता त्याने अदबीने पुढे केली, "ही शोधत होता का?"

वाईट ओळी लिहून कायमच्या पुसायची सोय नसेल, तर माणूस लिहायला धजावणार कसा? मी इरेला पेटलो. सेटिंगच्या गल्लीबोळांतून हिंडत ते लक्षात ठेवण्याचं बटण गाठलं, बंद केलं, साठवलेलं सगळं पुसलं. कविता गेली! गड सर केल्यासारखा ओरडलो, "अगं, आता याला माझं काहीही आठवणार नाही!"

मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तुमचं लक्षात ठेवणारं घरात दुसरं कुणी आलं म्हणून मी जरा सुटले होते. त्यालाही घालवलंत!"