शिळ्या पाण्याचा धडा

शेळकेबाई गेल्याचे मला शाळेने फोन करून कळवले, असे शोकसभेत सांगण्यात आले. तसे घडलेले नाही. मला कोणीही फोन केला नव्हता. डोळे तपासून घेऊन मी नगरहून परतत होतो आणि पारनेरच्या गाडीत कंडक्टर तिकीट द्यायचे सोडून माझ्या शेजारी येऊन बसला. तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, तुमाला कळलं न्हाई वाटतं... आपल्या शेळकेबाई गेल्या. आज सकाळीच." मग उठून त्याने उरलेल्या गाडीची तिकिटे काढली आणि शेवटी परत येऊन माझे दिले. बाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होत्या. माझ्या आधी जाण्याचा त्यांना काही अधिकार नव्हता. पण माझ्या हाताखाली काम करताना माझा क्रम मोडण्याची त्यांना सवयच होती.

याच पुरवणीत तीन आठवड्यांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने बाईंवर लेख लिहिला. लेखाची भाषा चांगली आहे. तिचे श्रेय शाळेला आहे. मजकुराबद्दल मात्र मला बोलणे भाग आहे. त्याने लिहिले की बाई मायेचा सागर होत्या. बाई सागर वगैरे नव्हत्या. आमच्या कोरड्या भागात पाणी जितके जपून वापरतात तितकी त्या माया जपून वापरत. मुलांना त्यांनी कधी 'बाळांनो' म्हटलेले मी ऐकले नाही. नावाने हाक मारत आणि उत्तर चुकले की 'पुन्हा बघून ये' एवढेच म्हणत. 'विचार करून सांग' नव्हे, 'बघून ये'. मूल उठून खरोखर बाहेर जाई आणि बघून येई. लेखात पुढे असे आहे की चौथीच्या वर्गाने पाण्याची तपासणी करून एका कामचुकार पाणीवाल्याला उघडे पाडले आणि मुख्याध्यापक या धाडसी शिक्षिकेच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले. तो मुख्याध्यापक मी. या वाक्यातला एकही भाग खरा नाही. लेखक त्या वर्षी सातवीत होता. सव्वीस जानेवारीला त्याने जे पाहिले तेवढेच त्याला ठाऊक आहे. पुढे जे झाले ते त्याने कोणाला विचारले नाही.

तरीही मी गप्प राहिलो असतो. मेलेल्या माणसाची स्तुती थोडी फुगते, हे मलाही कळते. पण लेख छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी काशिनाथ माझ्या दारात येऊन उभा राहिला. काशिनाथ म्हणजे तेव्हाचा आमच्या ग्रामपंचायतीचा पाणीवाला. आता सत्तरी ओलांडली आहे. हातात पुरवणीची घडी होती. "गुरुजी, नातीनं वाचून दावलं. ह्यात कामचुकार म्हंत्यात, त्यो मीच ना?"

मी म्हणालो, "तुझे नाव नाही त्यात."

"नाव कशाला पायजे? गावात दुसरा पाणीवाला कोन हुता?" तो ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "बाई हुत्या तवर मला घोर नव्हता. कुनी काई बोललं तर बाई सांगत्याल, असं हुतं. आता सांगनार कोन?"

म्हणून हे लिहीत आहे.

आधी बाई शिकवत कशा, ते सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. चौथीला परिसर अभ्यास नावाचे एकच पुस्तक असते. विज्ञानही त्यातच आणि नागरिकशास्त्रही त्यातच. बाकीचे शिक्षक ते दोन वह्यांत वाटून शिकवत. बाईंचे म्हणणे, पुस्तक एक तर वही एक. एकदा मी वर्गतपासणीला गेलो तेव्हा टेबलावर दोन मेणबत्त्या जळत होत्या, शेजारी एक लहान पेला आणि एक मोठी बरणी उपडी. कोणत्या झाकणाखालची मेणबत्ती आधी विझेल यावर मुलांचे मतदान चालले होते, चिठ्ठ्या घालून, रीतसर. बरणीच्या बाजूने भरघोस बहुमत झाले, कारण वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाने तसे म्हटले होते. बाईंनी दोन्ही झाकणे घातली. पेल्याखालची विझली, बरणीखालची जळत राहिली. बाई म्हणाल्या, "तुमचं बहुमत होतं ना? मग मेणबत्तीनं का ऐकलं नाही?" लगेच दुसरे मतदान: मधल्या सुट्टीत डबे खायला कडुनिंबाखाली बसायचे की व्हरांड्यात? त्याचा निकाल लागला तसे मुले त्या दिवसापासून बसू लागली. मत कशावर द्यायचे आणि कशावर द्यायचे नाही, हे मला प्रशिक्षणाच्या कोणत्याही वर्गात इतके स्वच्छ कोणी शिकवले नव्हते. मी शेऱ्यात लिहिले, 'वर्गात गोंगाट आढळला.' तेही इथे नोंदवतो.

आता पाण्याची हकीकत. विहिरीचे पाणी टाकीत चढवायचे, त्यात जंतू मारण्याची पावडर मिसळायची आणि अर्ध्या-अर्ध्या गावाला एक दिवसाआड सोडायचे, हे काशिनाथचे काम. पावडर पडली की नाही हे पाहण्याचे एक औषध आरोग्य केंद्रात मिळते. त्याचे दोन थेंब टाकले की पावडरीचे पाणी पिवळे होते, बिनपावडरीचे तसेच राहते. बाईंनी ते मागवले. मुलांनी शनिवारी घरोघरचे पाणी बाटल्यांत भरून आणले, पण औषध यायला सोमवार उजाडला. तोवर बाटल्या वर्गाच्या खिडकीत, पूर्वेच्या उन्हात ओळीने उभ्या. सोमवारी बाईंनी स्वतः एकेका बाटलीत थेंब टाकले. एकही बाटली पिवळी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी, झेंडावंदनानंतर ग्रामसभा. रेश्मा नावाच्या मुलीने माईकवर सगळे नीट सांगितले. किती घरांचे पाणी आणले, काय टाकले, काय दिसले. शेवटी म्हणाली, "आपल्या पाण्यात पावडर नाही." पुढे जे झाले ते पाहून लेखक भारावून गेला असेल, यात शंका नाही. लोक उठून उभे राहिले. कोणी म्हणाले, पावडरीचे डबे जातात कुठे? काशिनाथ एकच वाक्य तीनदा म्हणाला, "मी रोज टाकतो." सरपंचांनी जाहीर केले की पुढच्या आठवड्यातल्या मासिक सभेत त्याला कामावरून कमी करू. वर्तमानपत्रात चौकट आली, शाळेचे नाव ठळक. संध्याकाळी पोरे त्याच्या मागे 'बिनपावडर, बिनपावडर' ओरडत फिरली.

तिसऱ्या दिवशी काशिनाथ शाळेत आला. वर्गात शिरला नाही, खिडकीतून बाटली आत धरली. "बाई, ही आत्ता टाकीच्या तोटीची भरली. ह्यात टाका तुमचं औषध." बाईंनी थेंब टाकले. पाणी हळदीसारखे पिवळे झाले.

बाई लगेच उठल्या. मुलांना घेऊन टाकीवर गेल्या आणि दोन बाटल्या भरून आणल्या. एक कपाटात, काळ्या फडक्यात गुंडाळून. दुसरी खिडकीत, उघडी. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना दोन्हींत थेंब टाकले. कपाटातली पिवळी, खिडकीतली कोरी. ऊन पावडरीचा गुण खाऊन टाकते. आणि शनिवारचे पाणी तर दोन दिवस उन्हात होते, त्याआधी घरच्या माठात किती, ते कोणी विचारलेच नव्हते. मेणबत्तीच्या मतदानातला तो उंच मुलगा म्हणाला, "बाई, आपण चुकलो." बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही. बाटल्या खिडकीत मी ठेवल्या."

त्या संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. त्यांना ताबडतोब पुन्हा ग्रामसभा हवी होती. मी काय म्हणालो ते शब्दशः देतो, कारण पाठिंब्याची कहाणी आता छापली गेली आहे. मी म्हणालो, "बाई, गप्प बसा. मी सरपंचांना बाजूला घेऊन सांगतो, काशिनाथला ठेवून घेतील. शाळेचे नाव आत्ता कुठे पेपरात आले आहे. लोक मुलांना हसतील."

"सर, आरोप सगळ्यांसमोर केला. माफी बाजूला घेऊन कशी मागायची?"

"काम राहिले की झाले ना त्याचे?"

"काम राहील. पण पोरं त्याला जे म्हणतात, ते कोण थांबवणार? तुम्ही?"

मी त्यांना लेखी ताकीद देईन असे म्हणालो. त्या म्हणाल्या, "द्या. पण उद्या सकाळी नऊच्या आत देऊ नका, मी वर्ग घेऊन डेअरीवर जाणार आहे." माझ्याकडे येण्याआधीच सरपंचांनी त्यांना जादा ग्रामसभेला नकार दिला होता, म्हणून त्यांनी दूध डेअरी निवडली होती. आमच्या गावात सकाळी सातला घरटी एक माणूस किटली घेऊन तिथे असतोच. ग्रामसभेला तेवढे लोक कधी आले नाहीत.

मी गेलो नाही. माझे घर डेअरीच्या भिंतीला लागून आहे. मी परसात उभा राहून ऐकले. तेव्हा हे ऐकलेले सांगतो आहे, ऐकीव नव्हे. रेश्मा रडत होती, तिला पुढे व्हायचे नव्हते. बाई म्हणाल्या, "तू बोललीस ते मी शिकवलेलं होतं. आधी मी बोलते." त्यांनी सगळे सांगितले. शनिवार, सोमवार, खिडकी. मग डेअरीमागच्या टाकीची तोटी सोडून लोकांदेखत एक बाटली भरली, दुसरी उन्हातली शिळी, दोन्हींत थेंब टाकले आणि एक पिवळी, एक कोरी, हेही मोठ्याने सांगितले. मला वाटले, आता हसतील. आणि खरोखर एक म्हातारा हसला. म्हणाला, "आगं बाई, शिळ्या सँपलची फॅट लावली व्हय तुमी!"

मग सगळेच बोलू लागले. कालच्या दुधाची आज फॅट लावली तर आमी मशिन फोडू, असे कोणी म्हणाले. सँपल कोनी घेतलं, कवा घेतलं, हे आदी लिवायचं असतं, असे डेअरीच्या माणसाने बाईंना चार वाक्यांत समजावले, आणि 'थांबा, लिहून घेते' म्हणत बाईंनी ते वहीत उतरवून घेतले. फॅटवर दुधाचा भाव ठरतो, म्हणून सँपलवरून रोज भांडणारी ही माणसे. त्यांना जे जन्मापासून ठाऊक, ते आम्हा दोन पगारी शिक्षकांच्या ध्यानात आले नव्हते. एक म्हातारी काशिनाथला म्हणाली, "आमी तुला लई बोललो रं." तो म्हणाला, "बोलला खरं." तेवढ्यात रेश्माचा आवाज आला, बारीक, पण मला भिंतीपलीकडे नीट कळेल असा: "काशिनाथनाना, तुमी पावडर टाकता."

काशिनाथ कामावर राहिला. 'बिनपावडर' हे नाव गेले. ताकीद मी दिली नाही, पण चुकलो असेही बाईंना कधी म्हणालो नाही. पुढे मी निवृत्त झालो, त्यांच्या बदल्या झाल्या, शेवटच्या वर्षांत त्या पुन्हा आमच्याच शाळेत आल्या. बाजारात भेट झाली की आम्ही इतर विषयांवर भांडत असू. गावाने पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला, कारण तो गावाच्या नावाला शोभतो. बाईंची थोरवी दुसऱ्या अर्ध्यात आहे. त्यात काशिनाथ निर्दोष आहे आणि मी भिंतीआड आहे. हे मी काशिनाथला परवा तोंडानेही सांगितले. तो म्हणाला, "तुमी परसात हुता, ते बाईंना ठावं हुतं. त्या म्हनल्या हुत्या, जरा मोठ्यानं बोला, सर ऐकत्यात."

मजकूर पाठवण्याआधी मी शाळेत जाऊन आलो. काही जुना कागद मिळतो का, ते पाहायचे होते, मिळाला नाही. चौथीला आता एक तरुण शिक्षक आहेत. त्यांनी मला वर्गाची प्रयोगवही दाखवली. रकाने आखलेले: काय पाहिले, कोणी पाहिले, किती वाजता. आणि शेवटचा रकाना, 'आपण चुकलो तर कोणाला सांगायचे?' शिक्षक म्हणाले, "हा कशासाठी आहे ते मलाही माहीत नाही, सर. बाईंपासून चालत आलाय. एकदा वगळला तर मुलांनी गिल्ला केला."

त्या दिवशी हरभरे भिजवले होते. काही उजेडात, काही डब्यात बंद. एका मुलीने शेवटच्या रकान्यात लिहिले होते, 'चुलत्यांना. हरभरे त्यांचे आहेत.' मी तिला विचारले, "आणि चुकलाच नाहीत तर?"

मंद मुलाकडे बघावे तसे तिने माझ्याकडे बघितले. म्हणाली, "तरी बी लिवायचं, गुरुजी. आदीच लिवायचं असतं."