लीलाबाई पुढं म्हणतात

कुंडलच्या लीलाबाईंनी बत्तीस वर्षं झील धरली. शाहीर ओळ म्हणतो आणि तिचं शेपूट उचलून मागची माणसं सूर लांबवतात, ती झील. बोर्डावर नाव शाहिराचं. झीलकऱ्यांना चहा मिळाला तरी नशीब.

यंदा पाटाच्या पाण्यासाठी आमचा मोर्चा होता. त्याचं गाणं बाईंनी स्वतः रचलं, खुरपं घेऊन उसात भांगलता भांगलता. मी म्हणालो, मग तुमीच पुढं म्हणा. पथकाचे शाहीर लालासाहेब गालात हसले. "झीलवालीला ओळ पेलायची न्हाई, नाथाजी. उद्या मोर्चाच्या जीपवर कर्ण्यातनं लावायचं हाय न्हवं? तिला न्हाई जमलं तर मी म्हणतो." माझं डोकं तापलं. त्याच दुपारी बाईंना घेऊन सांगली गाठली.

आमच्या गावची त्रिशला तिथं दिलेली; तिच्या सासरी हळदीचा व्यापार. घरामागच्या खोलीत ती गाणी रेकॉर्ड करते. भिंतींना जुनी पोती, दाराला गोधडी. दार लोटलं की अख्खी सांगली विझते. रिक्षा न्हाई, हॉर्न न्हाई. हळदीचा मंद वास, आणि आपलाच श्वास लांबून कुठून तरी आल्यासारखा.

ढोलकी-तुणतुणं पथकानं आधीच भरून ठेवलेलं. ते हेडफोनात ऐकत त्यावर बाईंनी गायचं. हेडफोन चढवला तसे बाईंचे डोळे आपसूक मिटले.

"काय ऐकू येतंय, मावशी?" त्रिशलानं विचारलं.

"तुणतुणं. डोस्क्याच्या आतच वाजतंय गं. कृष्णेत बुडी मारल्यावानी वाटतंय."

मग त्यांनी ओळ धरली आणि तीन शब्दांवर थांबल्या. परत धरली, परत थांबल्या. पाचव्यांदा थांबल्यावर मी आवाज चढवला, "आवं बाई, कुणाला भिताय? शाहीर इथं न्हाई."

"हाय की," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आत कोण तरी म्हणतंय. माझा शब्द सरला तरी त्याचा सरत न्हाई. पुढचा म्हणत असला की मागच्यानं गप ऱ्हायचं. मग थांबती मी."

त्रिशलानं हेडफोन आपल्या कानाला लावला आणि माइकपुढं चुटकी वाजवली. एका चुटकीच्या दोन ऐकू आल्या असाव्यात, कारण ती हसायला लागली. "मावशी, तो शाहीर तुम्हीच आहात. तुमचा आवाज कॉम्प्युटरात शिरतो, तिथनं फिरून कानात येतो. तेवढ्यात उशीर होतोय."

कॉम्प्युटरातून परत येणारा आवाज तिनं बंद केला. माइकची वायर ज्या डबीत जाते, तिच्यावरचं बटण फिरवून बाईंचा आवाज थेट त्यांच्या कानात सोडला. ढोलकी कमी केली. मग माझ्याकडं वळली, "काका, तुमचा आवाज कमी करायला बटण न्हाई. तुम्ही खाली बसा."

बसलो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बघून घेतलं असतं.

बाईंनी ओळ उचलली. तुणतुणं हेडफोनात, त्यामुळं खोलीत आम्हाला नुसता त्यांचा गळा ऐकू येत होता. ढोलकीशिवाय, माणसांशिवाय. असा मी तो कधीच ऐकला नव्हता. पाटाचं पाणी रानात हळूहळू पसरावं, एकेक सरी काळी होत जावी, तसा तो पोत्यांच्या भिंतींपर्यंत जाऊन मुरत होता. कडवी किती झाली, मला सांगता येणार न्हाई. किती वेळ गेला तेही न्हाई. मोर्चा, जीप, लालासाहेब, सगळं लांब गेलं होतं.

गाणं संपलं. त्रिशला हळूच म्हणाली, "आता झील भरायची. तुम्हीच म्हणता का, मावशी? तुमच्याच आवाजावर चढवता येईल."

बाईंनी थोडा विचार केला. "नगं. शाहिरास्नी बोलवा."

मी फोन लावला. गाणं झालंय म्हणालो, झील धरायला येताय का विचारलं. टोमणा जिभेवर आला होता, पण बाईंच्या तोंडाकडं बघून गिळला.

पलीकडनं लालासाहेबांनी घसा खाकरून विचारलं, "पट्टी कुठली धरलीया बाईंनी?"

बाईंना विचारायला गेलो, तर त्या हेडफोन लावून डोळे मिटून आपलीच ओळ ऐकत बसल्या होत्या.