नखाएवढा चेहरा

माझ्या आईचा जगात एकच फोटो आहे, आणि त्यात तिचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा आहे. आत्याच्या लग्नातला ग्रुप फोटो. मागच्या ओळीत, अगदी टोकाला आई उभी आहे. डोक्यावर पदर, कडेवर मी. पुढं वर्षभरातच ती तापाने गेली. मला ती अजिबात आठवत नाही. फोटो आत्याच्या घरी, कळमेश्वरच्या पुढच्या खेड्यात भिंतीवर लटकून राहिला, ओल खात राहिला, आणि सगळ्या वऱ्हाड्यांच्या अंगावर देवी आल्यासारखे डाग उमटले.

बाबा आईबद्दल कधी बोलले नाहीत. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात त्यांनी जन्म काढला. तिथं गिऱ्हाइकांशी दिवसभर तोंड चाले, घरी आले की कुलूप. लहानपणी मी काही विचारलं की आत्या डोळे वटारायची, म्हणून मी विचारणंच सोडलं. आता बाबा माझ्याकडे, प्रताप नगरात राहतात. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजतोय, ऑपरेशनने सुधारणारं हे दुखणं नाही, आहे ती नजरही थोडी थोडी जाणार. बाबांनी नुसती मान हलवली. घरी येताना ऑटोत ते अचानक म्हणाले, "तुह्या मायचा फोटो कुठी हाय वं? एकदा पाहून घेतो म्हणतो."

मला आधी रागच आला, खरं सांगते. उभा जन्म गप्प बसले आणि आता नजर चालली तेव्हा आठवण झाली. मग घरी येऊन कणीक मळता मळता रडले. आत्या आता नाही, पण तिच्या सुनेकडून मी दुसऱ्याच दिवशी तो फोटो घेऊन आले.

बाबांच्या हातात दिला तर त्यांना काही दिसेना. त्यांना समोरचं पुसट दिसतं, म्हणून ते मान तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. तसं बघितलं, मग भिंगातून बघितलं. माणसं उभी आहेत एवढं कळलं, कोण कुठलं ते कळेना. त्यांनी फोटो मला परत दिला आणि म्हणाले, राहू दे. त्यांचं ते 'राहू दे' मला फार लागलं. मी ठरवलं की हा चेहरा मी कॉम्प्युटरच्या पडद्याएवढा मोठा करीन, डाग काढीन, आणि बाबांना दिसतंय तोवर त्यांना दाखवीन.

ठरवायला काय जातं! मी ब्लाउज शिवणारी बाई. कॉम्प्युटर मुलाचा जुना, तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हा मागे राहिलेला. शिलाई मशीनच्या बाजूला पडून असायचा, मी त्यावर गळ्यांचे नमुने बघायची. चौकातल्या दुकानातून फोटो स्कॅन करून आणला आणि मुलाला पाठवला. त्याने मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपमधून काढून लगेच परत पाठवला, वर लिहिलं, झालं बघ. मी उघडला. गोरीपान, गुळगुळीत गालांची, कोरलेल्या भुवयांची एक बाई माझ्याकडे बघत होती. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. आई मला आठवत नाही, पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या भुवया कोरलेल्या नसतात एवढी अक्कल मला आहे. मी मुलाला फोनवर चांगलंच झापलं. बाबांनी हीच बाई शेवटची बघून डोक्यात ठेवली असती तर? तो म्हणाला, मग तूच कर. म्हटलं, करतेच.

त्याने एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि फोनवर शिकवलं. पहिल्या दिवशी फोटो उघडतानाच कॉम्प्युटर अडकला. फाईल फार जड आहे, मेमरी पुरत नाही, असा निरोप यायचा आणि सगळं बंद पडायचं. मुलगा म्हणाला, फोटो लहान कर. लहानच करायचा असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता? मी लहान केला नाही, कापला. आधी नवरानवरी गेले, मग पुढच्या ओळीतले म्हातारे, मग आजूबाजूच्या बायका. तरी जडच. शेवटी आईच्या कडेवरची पोर, म्हणजे मी, तीही कापली. कात्री चालवताना माझा हात कधी अडत नाही, तेव्हा अडला. पण फाईल उघडली.

मग काम सुरू झालं आणि मला ते आवडूही लागलं. डागाच्या शेजारची चांगली जागा उचलायची आणि डागावर बसवायची. हे तर ठिगळच की! कापडाचा पोत जुळला पाहिजे, आडव्या धाग्यावर आडवा धागा आला पाहिजे. लेयर नावाची भानगड मुलाने समजावली ती मी अस्तर म्हणून लक्षात ठेवली. मूळ फोटोला हात लावायचा नाही, वर एक पारदर्शक अस्तर टाकायचं आणि ठिगळं त्या अस्तरावर लावायची. चुकलं तर उसवता येतं. कपाळ साफ झालं, एक गाल साफ झाला. डावा डोळा उघडल्यासारखा झाला तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात मे लागला. नागपूरचा मे काय सांगू बाप्पा, नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकावी. दुपारी कॉम्प्युटर आपोआप बंद पडू लागला. केलेलं काम दोनदा वाहून गेलं. बाबा रोज विचारायचे नाहीत, पण मी कॉम्प्युटरवरून उठले की मान तिरपी करून माझ्या दिशेला बघायचे. मुलगा म्हणाला, कॉम्प्युटरचा डबा तापतोय, हवा लागू दे. मग मी कोणतीही नागपूरची बाई करील तेच केलं. डब्याच्या बाजूचा पत्रा काढला आणि डबा उचलून कूलरसमोर ठेवला.

दोन दिवस झकास गेले. वाळ्याचा वास, थंडगार वारा, आणि कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी मुलाला ऐटीत सांगितलं सुद्धा. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून नुसती पीं पीं. कूलरने हवेबरोबर पाण्याचा फवाराही सोडला होता, तो आत जाऊन बसला होता. माझा नवरा कळमेश्वरला कारखान्यात असतो, संध्याकाळी येऊन त्याने ऐकलं आणि म्हणाला, त्याले सर्दी झाली असन, वाफ दे. मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही.

दुरुस्तीवाल्याने आठवडाभर ठेवून जा म्हटलं. त्याच दिवशी सकाळी बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला होता. कप फुटला, आणि ते कितीतरी वेळ तिथंच हात पुढं करून उभे राहिले. माझ्याजवळ आठवडा नव्हता. मी डबा परत घरी आणला, मुलाला व्हिडिओ कॉलवर धरलं, आणि म्हटलं, तू सांग, मी उघडते. त्याने आतली मेमरीची पट्टी दाखवली. ती काढून तिचे पिवळे दात साध्या खोडरबराने घासायचे म्हणे. पट्टी ओढून काढली. घासली, डबा कोरड्या मलमलीने पुसला, दिवसभर सावलीत उघडा ठेवला आणि संध्याकाळी बटण दाबलं. चालू झाला. मी नवऱ्याकडे बघितलं. रात्री आइस्क्रीम त्यानेच आणलं.

त्यानंतर कूलरचं तोंड फिरवलं आणि मी कामाची वेळ बदलली. पहाटे ऊन चढायच्या आत बसायचं, आणि दर दोन ठिगळांमागे सेव्ह करायचं. ओठ झाले, नाक झालं. हनुवटीवरचे दोन काळे टिपके फार चिवट होते, एक इकडे, एक तिकडे. पोत जुळायलाच तयार नाही. घेतला वसा टाकायचा नाही म्हणून तेही काढले. आता चेहऱ्यावर एक डाग उरला नव्हता. ती माझ्याच वयाच्या अर्ध्याहूनही लहान पोरगी होती. मला वाटलं होतं आई बघितल्यावर आईसारखी वाटेल, पण माझ्या पोटात तिच्याबद्दलच माया दाटून आली.

बाबांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. चेहरा पडदाभर केला. बाबांनी मान तिरपी केली, पुढं झाले, मागे झाले, परत पुढं झाले. मी बाजूला उभी होते.

"तिचंच तोंड हाय," बाबा म्हणाले. मग आणखी पुढं वाकून म्हणाले, "पण गोंदण कुठी गेलं?"

मला कळेना. कसलं गोंदण, मी विचारलं. हनुवटीवरचं, ते म्हणाले, लहानपणीच गोंदलं होतं तिच्या आईनं. मी सांगितलं की मी डाग पुसले, त्यात गेलं असेल.

"काहून पुसलं वं बाई? ती गेली तवा दागिने तं सारे उतरवून घेतले होते. तेवढंच संगं नेलं होतं तिनं."

त्या बाईच्या कोरलेल्या भुवयांसाठी मी पोराला झापलं होतं, आणि मी वेगळं काय केलं होतं? मी शेजारी स्टूल ओढून बसले, माउस हातात घेतला आणि म्हटलं, बाबा, ते गेलेलं नाही, खाली आहे. मी वरचं ठिगळ उसवते. पण तिथं दोन टिपके होते, त्यातला कोणता?

बाबांनी हात पुढं केला. मला वाटलं पडद्याला बोट लावतील. त्यांनी चाचपडत माझा चेहरा धरला आणि बोट माझ्या हनुवटीवर, डाव्या अंगाला टेकवलं. "इथं," म्हणाले. मोठी झाल्यापासून त्यांनी माझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता.

मी घाईघाईने पडद्यावरचं माझ्या डाव्या हाताकडचं ठिगळ उसवलं. टिपका वर आला. बाबा बघत राहिले आणि नाही म्हणाले, तो डाग हाय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आरशात बघितल्यासारखी बघत होते. तो आरसा नव्हता. समोर आई होती, आणि तिची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला होती. मी तो डाग परत झाकला आणि पलीकडचं ठिगळ उसवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा टिपका हळूहळू वर आला.

बाबांची मान तिरपीच होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला त्यांनी हात काढला नाही.

"आता दिसली," ते म्हणाले. "आता डोये गेले तं जाऊ दे."

असं बोलू नका म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण बोलले असते तर हनुवटी हलली असती, आणि त्यांचं बोट अजून तिथंच होतं. मी माउस सोडला आणि डाव्या हाताने कीबोर्डवरून सेव्ह केलं.